झॉलिंजर-एलिसन सिंड्रोम

झॉलिंजर-एलिसन सिंड्रोम हा पचनसंस्थेचा एक दुर्मीळ विकार आहे. गॅस्ट्रिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या अर्बुदामुळे जठरात प्रमाणाबाहेर आम्ल तयार होते आणि त्या आम्लामुळे जठरात, आद्यांत्रात व क्वचित त्यापुढील लहान आतड्यात वारंवार व्रण पडतात. या अर्बुदाला गॅस्ट्रिनोमा असे नाव आहे. ते स्वादुपिंडात किंवा आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, भिंतीत आढळते. पोटदुखी, छातीत जळजळ आणि दीर्घकाळ टिकणारे जुलाब ही या विकाराची मुख्य लक्षणे होत.

दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक ते तीन नवे रुग्ण आढळतात. याउलट पचनज व्रण, म्हणजे बोलीभाषेतील अल्सर, हा अगदी सामान्य विकार असल्याने असंख्य साध्या रुग्णांमधून हे मोजके रुग्ण ओळखणे अवघड असते. बहुसंख्य गॅस्ट्रिनोमा कर्करोगी स्वरूपाचे असतात, परंतु त्यांची वाढ बहुधा संथ असते. त्यामुळे वेळेवर झालेल्या निदानाला या विकारात विशेष महत्त्व आहे. आम्लनिर्मिती रोखणाऱ्या आधुनिक औषधांनी व्रणांवर जवळजवळ पूर्ण नियंत्रण मिळवता येते, मात्र हीच औषधे निदान लांबवण्यासही कारणीभूत होतात.

नाव

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील शल्यचिकित्सक रॉबर्ट झॉलिंजर (१९०३–१९९२) व एडविन एलिसन (१९१८–१९७०) यांच्या नावांवरून हे नाव पडले आहे. एकाच मूळ कारणातून उद्भवणाऱ्या आणि एकत्र दिसणाऱ्या अनेक लक्षणांचा हा समूह असल्यामुळे त्याला झॉलिंजर-एलिसन लक्षणसमूह असेही म्हणतात. गॅस्ट्रिनोमा हे अर्बुदाचे नाव असून त्यामुळे शरीरात जे परिणाम दिसतात, त्यांना झॉलिंजर-एलिसन सिंड्रोम म्हणतात.

इतिहास

जठराच्या शेवटच्या भागातील श्लेष्मल त्वचेत आम्लस्राव वाढवणारा एखादा पदार्थ असावा, असे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन एडकिन्स यांनी १९०५ मध्ये सुचवले व त्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. नंतरची अनेक वर्षे या कल्पनेबद्दल शंका घेतली गेली. जठरात हिस्टामीन हा आम्लस्राव वाढवणारा दुसरा पदार्थही असल्यामुळे एडकिन्स यांना दिसलेला परिणाम त्याचाच असावा, असे अनेकांना वाटत होते.

१९५५ मध्ये झॉलिंजर व एलिसन यांनी दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दोघांच्याही मध्यांत्रात, म्हणजे आद्यांत्रापुढील भागात, व्रण होते. नेहमीच्या शस्त्रक्रिया करूनही व्रण पुन्हा पुन्हा उद्भवत होते आणि दोघांच्याही स्वादुपिंडात इन्सुलीन न स्रवणारे अर्बुद होते. या निरीक्षणांवरून त्यांनी तीन गोष्टींची सांगड घातली: नेहमीपेक्षा वेगळ्या जागी होणारे व्रण, उपचारांना न जुमानणारा अतिरिक्त आम्लस्राव आणि स्वादुपिंडातील द्वीपपेशींचे अर्बुद. या अर्बुदातून व्रण निर्माण करणारा एखादा रासायनिक घटक रक्तात मिसळत असावा, असे अनुमानही त्यांनी मांडले. पुढील वर्षी, १९५६ मध्ये, बेन आयझमन व त्यांच्या सहकाऱ्याने आपल्या लेखात या विकाराला दोघांचे नाव जोडले.

हा रासायनिक घटक कोणता, याचे उत्तर इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधनातून मिळाले. रॉडरिक ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये अशा रुग्णाच्या अर्बुदातून गॅस्ट्रिनसारखा पदार्थ वेगळा केला. १९६४ मध्ये ग्रेगरी व हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन मिळवले आणि ते १७ ॲमिनो आम्लांचे बनलेले असल्याचे स्पष्ट झाले. एडकिन्स यांची कल्पना अशा रीतीने जवळजवळ साठ वर्षांनी सिद्ध झाली, आणि तिच्या सिद्धतेला या दुर्मीळ रोगाचा मोठा हातभार लागला.

रोझालिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या रेडिओइम्युनोअसे पद्धतीने रक्तातील अत्यल्प संप्रेरकेही मोजता येऊ लागली. या कामासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये जेम्स मॅकग्विगन यांनी ही पद्धत गॅस्ट्रिनसाठी वापरली आणि शस्त्रक्रियेआधीच, केवळ रक्ताच्या तपासणीवरून, या विकाराचे निदान करणे शक्य झाले.

शरीरक्रियेतील बिघाड

निरोगी व्यक्तीत गॅस्ट्रिन हे जठराच्या शेवटच्या भागातील जी-पेशींतून स्रवते. जेवणातील प्रथिने आणि जठराचा ताण यांमुळे त्याचा स्राव वाढतो. रक्तावाटे ते जठराच्या वरच्या भागात पोहोचते व तेथील विशिष्ट पेशींना हिस्टामीन सोडण्यास प्रवृत्त करते. हिस्टामीनमुळे आम्ल स्रवणाऱ्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. जठरातील आम्लता पुरेशी वाढली की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक जी-पेशींना आवर घालते आणि गॅस्ट्रिनचा स्राव थांबतो. आम्लाचे प्रमाण या चक्रामुळे मर्यादेत राहते.

गॅस्ट्रिनोमा हे चक्र जुमानत नाही. जठरात कितीही आम्ल असले तरी अर्बुदातून गॅस्ट्रिन रक्तात येतच राहते. त्याचे परिणाम दुहेरी असतात. एक म्हणजे, आम्ल स्रवणाऱ्या पेशींना दिवसरात्र चेतना मिळते. दुसरे, गॅस्ट्रिन हे पेशींची वाढ घडवणारेही संप्रेरक असल्यामुळे या पेशींची संख्याच वाढते. त्यामुळे जठराच्या आतील घड्या जाड होतात आणि दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत त्या ठळकपणे दिसतात.

स्वादुपिंडातून येणारा अल्कधर्मी रस एरवी आद्यांत्रातील आम्लाचे उदासीनीकरण करतो. या विकारात आम्ल इतके असते की हा रस अपुरा पडतो. आम्ल आतड्यात पुढपर्यंत वाहत जाते आणि साध्या अल्सरमध्ये सहसा न दिसणाऱ्या जागी व्रण पडतात.

जुलाबांची कारणेही याच अतिरिक्त आम्लात आहेत. आतड्यात येणाऱ्या द्रवाचे प्रमाण शोषणक्षमतेपलीकडे जाते. स्निग्ध पदार्थ पचवणारे लायपेज हे विकर आम्लामुळे निष्क्रिय होते, पित्तातील क्षार अविद्राव्य होतात व मेद न पचता मलावाटे बाहेर पडतो. आतड्याच्या अस्तरालाही इजा होते. याशिवाय रक्तातील अतिरिक्त गॅस्ट्रिनमुळे आतड्यातील सोडियम व पाण्याचे शोषण मंदावते. नाकातून घातलेल्या नळीने जठरातील आम्ल शोषून घेतले, किंवा औषधाने आम्लनिर्मिती थांबवली, की हे जुलाब थांबतात. इतर कारणांनी होणाऱ्या जुलाबांत असा फरक पडत नाही.

अर्बुदाचे स्थान व स्वरूप

प्रारंभीच्या काळात हे अर्बुद मुख्यतः स्वादुपिंडात असते असा समज होता. पुढे आद्यांत्राच्या भिंतीची बारकाईने तपासणी होऊ लागल्यावर निम्म्याहून अधिक गॅस्ट्रिनोमा आद्यांत्रात असल्याचे दिसून आले. आद्यांत्रातील अर्बुदे बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, तर स्वादुपिंडातील अर्बुदे त्या मानाने मोठी असतात.

बहुतेक गॅस्ट्रिनोमा पोटाच्या उजव्या वरच्या भागातील एका काल्पनिक त्रिकोणात सापडतात. पित्ताशयाची नळी मुख्य पित्तनलिकेस मिळते ती जागा, आद्यांत्राच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांमधील सांधा आणि स्वादुपिंडाची मान व मुख्य भाग यांमधील सांधा, हे त्याचे तीन कोन होत. गॅस्ट्रिनोमा त्रिकोण या नावाने ओळखली जाणारी ही संकल्पना १९८४ मध्ये मांडण्यात आली. शस्त्रक्रियेच्या वेळी अर्बुदाचा शोध प्रथम येथेच घेतला जातो.

गॅस्ट्रिनोमा हे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर या मोठ्या गटात मोडते. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केल्यानंतर हे नाव भारतात सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले. या गटातील अर्बुदे शरीराच्या अनेक भागांत होतात. त्यांपैकी काही संप्रेरके स्रवतात, काही स्रवत नाहीत, व त्यांची गतीही भिन्न असते. त्यामुळे एका रुग्णाच्या अनुभवावरून दुसऱ्याच्या आजाराबद्दल अनुमान काढता येत नाही.

सुमारे ६० ते ९० टक्के गॅस्ट्रिनोमा कर्करोगी असतात. ते प्रथम जवळच्या लसीका ग्रंथींत व नंतर यकृतात पसरतात. यकृतात झालेला प्रसार हाच रुग्णाच्या आयुर्मानावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक आहे. त्यामानाने केवळ लसीका ग्रंथींतील प्रसाराचा परिणाम कमी असतो.

आनुवंशिक प्रकार

सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत हा विकार मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेसिया प्रकार १, संक्षेपाने मेन-१, या आनुवंशिक रोगाचा भाग असतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे मेन-१ होतो. हे जनुक १९९७ मध्ये शोधले गेले असून त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला मेनिन म्हणतात. बाधित आई किंवा वडिलांकडून हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते व ती मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखीच असते.

मेन-१ मध्ये परावटू ग्रंथी, स्वादुपिंड व आद्यांत्र आणि पोष ग्रंथी यांत अर्बुदे होतात. परावटू ग्रंथींच्या अतिकार्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडात खडे होतात. म्हणून अल्सरच्या रुग्णाला मुतखड्याचा वारंवार त्रास असेल, किंवा घरातील अनेकांना मुतखडा, अल्सर अथवा अंतःस्रावी ग्रंथींची अर्बुदे झालेली असतील, तर मेन-१ ची तपासणी केली जाते. रक्तातील कॅल्शियम व परावटू संप्रेरक यांच्या चाचण्या प्रत्येक झॉलिंजर-एलिसन रुग्णात आवश्यक मानल्या जातात. मेन-१ मधील गॅस्ट्रिनोमा बहुधा अनेक, अगदी लहान व आद्यांत्रात विखुरलेले असतात.

लक्षणे

हा विकार बहुधा २० ते ५० वर्षे वयात लक्षात येतो व पुरुषांत किंचित अधिक आढळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तपासलेल्या २६१ रुग्णांच्या पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, ७५ टक्के रुग्णांना पोटदुखी, ७३ टक्के रुग्णांना जुलाब व ४४ टक्के रुग्णांना छातीत जळजळ होत होती. १७ टक्के रुग्णांचे वजन घटले होते आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना पचनमार्गात रक्तस्राव झाला होता. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ गेला होता.

या रुग्णांतील बहुतेक व्रण साध्या अल्सरप्रमाणेच आद्यांत्राच्या पहिल्या भागात असतात. त्यामुळे केवळ व्रणाच्या स्वरूपावरून रोग ओळखता येत नाही. काही रुग्णांत व्रण नसतोच व जुलाब हे एकमेव लक्षण असते. पुढील परिस्थितींत या विकाराची शंका घेतली जाते:

• योग्य औषधोपचारानंतरही व्रण बरा न होणे किंवा औषध थांबवताच पुन्हा होणे
• एकाच वेळी अनेक व्रण असणे, अथवा आद्यांत्राच्या दूरच्या भागात किंवा मध्यांत्रात व्रण असणे
• हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूचा संसर्ग नसताना व वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या नसताना व्रण होणे
• व्रणासोबत दीर्घकालीन जुलाब असणे, विशेषतः आम्लरोधक औषधाने ते थांबत असल्यास
• अन्ननलिकेचा तीव्र दाह किंवा ती अरुंद होणे
• व्रणातून रक्तस्राव किंवा व्रणाच्या जागी छिद्र पडण्याचे प्रसंग वारंवार येणे
• जठराच्या घड्या असाधारण जाड दिसणे
• स्वतःला किंवा कुटुंबात मेन-१, मुतखडा अथवा रक्तात अधिक कॅल्शियम असणे

निदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील गॅस्ट्रिन मोजणे. सामान्यतः त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे १०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असते. ते १,००० पिकोग्रॅमपेक्षा अधिक असून जठरातील द्रवाचा पीएच २ किंवा त्याहून कमी असेल, तर निदान जवळजवळ निश्चित होते. परंतु सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत गॅस्ट्रिन सामान्यापेक्षा अधिक असले तरी दसपटीच्या आत असते, आणि अशा वेळी पुढील चाचण्या कराव्या लागतात.

गॅस्ट्रिनचा आकडा एकटाच पुरेसा नसण्याचे कारण असे की, जठरात आम्ल कमी झाल्यावर निरोगी जी-पेशीही अधिक गॅस्ट्रिन स्रवतात. जठराच्या अस्तराचा क्षय आणि त्यातून होणारा पर्निशस ॲनिमिया यांत गॅस्ट्रिन खूप वाढते, मात्र जठरात आम्ल जवळजवळ नसते. हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, मूत्रपिंडांचे निकामी होणे, जठराचे तोंड अरुंद होणे आणि काही जठरशस्त्रक्रिया यांमुळेही गॅस्ट्रिन वाढते. म्हणून गॅस्ट्रिनबरोबर जठरातील आम्लता मोजणे अपरिहार्य ठरते. अधिक गॅस्ट्रिन व भरपूर आम्ल ही जोडी या विकाराकडे निर्देश करते. अधिक गॅस्ट्रिन व आम्लाचा अभाव ही जोडी त्यापासून दूर नेते.

व्यवहारात सर्वांत मोठी अडचण आम्लरोधक औषधांमुळे येते. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, राबेप्रॅझोल इत्यादी प्रोटॉन पंप रोधक औषधे आम्ल कमी करतात व त्यामुळे कोणत्याही व्यक्तीत गॅस्ट्रिन वाढू शकते. निरोगी माणसाचा अहवाल त्यामुळे संशयास्पद दिसतो. उलट खऱ्या रुग्णात हीच औषधे लक्षणे इतकी दाबतात की शंकाच येत नाही. चाचणीसाठी औषध बंद करणेही धोक्याचे असते. झॉलिंजर-एलिसनच्या रुग्णात औषध अचानक थांबवल्यास थोड्याच दिवसांत तीव्र जुलाब, रक्तस्राव किंवा आतड्यास छिद्र पडणे असे प्राणघातक प्रसंग उद्भवू शकतात. म्हणून रुग्णाने स्वतःहून औषध थांबवू नये. ते केव्हा, किती दिवस व कोणत्या पर्यायी औषधाच्या आधाराने थांबवायचे, हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ठरवले जाते.

सीक्रेटिन चाचणी ही संदिग्ध प्रसंगी उपयोगी पडते. सीक्रेटिन हे संप्रेरक शिरेतून दिल्यावर निरोगी व्यक्तीच्या गॅस्ट्रिनमध्ये फारसा बदल होत नाही. गॅस्ट्रिनोमा असल्यास मात्र काही मिनिटांतच ते वाढते. दर मिलिलिटरला १२० पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढ झाल्यास चाचणी होकारार्थी समजली जाते.

निदान झाल्यावर अर्बुदाची जागा शोधली जाते. त्यासाठी सीटी स्कॅन, एमआरआय व एंडोस्कोपीद्वारे आतून केलेली सोनोग्राफी यांचा उपयोग होतो. या अर्बुदाच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक मोठ्या संख्येने असतात. त्यांना चिकटणारा गॅलियम-६८ युक्त पदार्थ टोचून केलेले पेट-सीटी स्कॅन हे अर्बुद व त्याचा प्रसार दाखवणारे सर्वांत संवेदनशील साधन मानले जाते. तरीही अगदी लहान अर्बुदे शस्त्रक्रियेच्या वेळीच सापडू शकतात.

उपचार

उपचारांची दोन उद्दिष्टे असतात: आम्लस्रावावर नियंत्रण आणि अर्बुदाचे निर्मूलन.

१९७० च्या दशकापर्यंत आम्ल थांबवण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे संपूर्ण जठर काढून टाकणे हा होता. जठराचा थोडा भाग राहिला तरी व्रण परत येत. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे हिस्टामीनचा परिणाम रोखणारे औषध उपलब्ध झाले आणि अनेक रुग्णांचे जठर वाचू लागले. अशा प्रकारच्या औषधांच्या शोधासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यानंतर आलेली ओमेप्रॅझोलसारखी प्रोटॉन पंप रोधक औषधे अधिक प्रभावी ठरली व आज तीच उपचारांचा पाया आहेत. साध्या अल्सरपेक्षा येथे मात्रा बरीच अधिक लागते. ओमेप्रॅझोलची सुरुवात बहुधा दररोज ६० मिलिग्रॅमने होते व आम्लाचे मोजमाप करून मात्रा बदलली जाते. औषध आयुष्यभर घ्यावे लागू शकते. दीर्घकाळ घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता होऊ शकते, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासले जाते.

अर्बुद पसरलेले नसेल व रुग्ण मेन-१ चा नसेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. आद्यांत्र उघडून आतून चाचपणे व जवळच्या लसीका ग्रंथी काढणे हा तिचा भाग असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात, आनुवंशिक नसलेल्या प्रकारातील ३४ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही रोगमुक्त होते, तर मेन-१ च्या रुग्णांपैकी कोणीही तेवढा काळ रोगमुक्त राहिला नाही. म्हणून मेन-१ मधील लहान अर्बुदांवर बहुधा लगेच शस्त्रक्रिया केली जात नाही. त्याऐवजी परावटू ग्रंथींवर आधी उपचार करतात, कारण रक्तातील कॅल्शियम सामान्य झाल्यावर गॅस्ट्रिन व आम्लस्रावही कमी होतो.

यकृतात पसरलेल्या रोगासाठी ऑक्ट्रिओटाइड व लॅन्रिओटाइड ही सोमॅटोस्टॅटिनसदृश इंजेक्शने, एव्हरोलिमस व सुनिटिनिब या गोळ्या, रसायनोपचार आणि यकृतातील गाठींचा रक्तपुरवठा बंद करणारे उपाय वापरले जातात. सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राहकांना चिकटणाऱ्या रेणूवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवून ते थेट अर्बुदापर्यंत पोहोचवणे, हा आणखी एक उपाय आहे.

फलानुमान

पूर्वी या रुग्णांचा मृत्यू प्रामुख्याने व्रणाच्या गुंतागुंतीमुळे होत असे. प्रभावी औषधांमुळे तो धोका आता कमी झाला असून आयुर्मान अर्बुदाच्या प्रसारावर अवलंबून असते. यकृतात प्रसार नसल्यास निदानानंतर दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. यकृताच्या दोन्ही भागांत सर्वदूर प्रसार झाला असल्यास ते बरेच खाली येते. म्हणूनच व्रण बरा झाल्यावर उपचार संपले असे न मानता अर्बुदाचा शोध घेणे व नियमित तपासणी सुरू ठेवणे गरजेचे असते.

खानदेश व महाराष्ट्राच्या संदर्भात

पोटात व्रण झाल्यावर तिखट आहाराला दोष देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तिखटाचा सढळ वापर होणाऱ्या खानदेशात ती विशेष स्वाभाविक वाटते. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. नंदुरबार–दोंडाईचा पट्ट्यात लाल मिरची हे महत्त्वाचे नगदी पीक आहे, तर ठेचा, शेवभाजी व काळ्या मसाल्याच्या भाज्या हे तेथील रोजचे जेवण आहे. मिरचीतील कॅप्सेसिन या घटकामुळे संवेदी चेतातंतू उद्दीपित होऊन जळजळ जाणवते आणि आधीच व्रण असलेल्या रुग्णाला त्याचा त्रास होऊ शकतो. मात्र मिरचीमुळे व्रण निर्माण होतो, याला शास्त्रीय आधार नाही.

बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन वैज्ञानिकांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू व व्रण यांचा संबंध उघड केला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू व वेदनाशामक गोळ्या ही अल्सरची दोन प्रमुख कारणे आहेत. भारतात हा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळतो, तर अंगदुखी व सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या सल्ल्याशिवाय घेण्याची सवयही सर्रास दिसते. त्यामुळे महाराष्ट्रातील अल्सरच्या रुग्णात प्रथम या दोन कारणांचा विचार होणे योग्यच आहे. झॉलिंजर-एलिसन सिंड्रोमचा प्रश्न येतो तो ही दोन्ही कारणे दूर केल्यावरही व्रण परतला तर. अशा वेळी केवळ पथ्य अधिक कडक करणे, किंवा ॲसिडिटीची तीच गोळी वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानातून घेत राहणे, यामुळे व्रण दबतो पण अर्बुद वाढत राहते.

एंडोस्कोपी, जिवाणूची तपासणी व रक्तातील कॅल्शियम यांसारख्या प्राथमिक चाचण्या जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. गॅलियम-६८ स्कॅन व ल्युटेशियम उपचार यांसाठी मात्र मोठ्या केंद्रांकडे जावे लागते. मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर असून तेथे न्यूरोएंडोक्राइन अर्बुदांवर ल्युटेशियम-१७७ चे उपचार केले जातात. या उपचारांसाठी लागणारे ल्युटेशियम-१७७ तुर्भे येथील ध्रुव या अणुभट्टीत तयार होते.

मोठ्या केंद्राकडे जाताना जुने एंडोस्कोपी अहवाल, पूर्वीच्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे, घेतलेल्या सर्व गोळ्यांची नावे व मात्रा आणि कुटुंबातील आजारांची माहिती सोबत असल्यास निदानास मोठी मदत होते. व्रण किती वेळा आणि कोणत्या जागी झाला, हे अनेकदा या जुन्या कागदांवरूनच कळते.

हेही पहा

• पचनज व्रण
• स्वादुपिंड
• हेलिकोबॅक्टर पायलोरी
• संप्रेरक
• परावटू ग्रंथी